नवा राऊटर घेऊनही लॅपटॉप ७२ वरच : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. घरातल्या वाय-फायच्या वेगावरचा माझा लेख वाचून आपण नवा राऊटर घेतला. तरीही २०० एमबीपीएसच्या जोडणीवर फोनला १८० आणि लॅपटॉपला जेमतेम ४० वेग मिळतो, आणि ५ गिगाहर्ट्झचे नेटवर्क लॅपटॉपला दिसतच नाही. म्हणून लेख ‘अर्धवट आणि खिशाला चाट लावणारा’ आहे, असे आपण लिहिले आहे. अर्धवट हा शब्द मला मान्य आहे. राऊटरवर मी पानभर लिहिले आणि लॅपटॉपमधले वायरलेस कार्ड आधी तपासावे, हे एका ओळीत उरकले. क्रम नेमका उलटा हवा होता.

मात्र नवा राऊटरच सदोष असल्याचा आपला निष्कर्ष मला पटत नाही, आणि त्याचे कारण आपण दिलेल्या माहितीतच आहे. विंडोजच्या वाय-फाय प्रॉपर्टीजमध्ये लिंक स्पीड, म्हणजे लॅपटॉप आणि राऊटर यांच्यातल्या जोडणीचा वेग, ७२, प्रोटोकॉल वाय-फाय ४ दिसतो आणि लॅपटॉप राऊटरला खेटून ठेवला तरी त्यात फरक पडत नाही, असे आपण म्हणता. वाय-फाय ४, म्हणजे २००९ साली मंजूर झालेले ८०२.११एन हे मानक, एका अँटेनावर २० मेगाहर्ट्झच्या चॅनेलमध्ये जास्तीत जास्त ७२.२ एमबीपीएस देते. कार्ड दोन अँटेना एकाच वेळी वापरत असते, तर तिथेच १४४ दिसले असते. शिवाय लिंक स्पीडपैकी साधारण निम्मा ते दोनतृतीयांश वेगच प्रत्यक्ष हाती लागतो, त्यामुळे आपले ४० हे या हिशेबात चपखल बसतात. जोडणीचा वेग दोघांपैकी दुबळ्या बाजूवर ठरतो, आणि इथे दुबळी बाजू लॅपटॉपची आहे. (आकडा नेमका ५४ असता, तर मी आधी राऊटरची सुरक्षा टीकेआयपी या जुन्या एन्क्रिप्शन पद्धतीवर आहे का, हे पाहायला सांगितले असते, कारण त्या पद्धतीत एनचा वेग मिळतच नाही.)

एक शंका तेवढी फेडून घ्यावी. राऊटरमध्ये ५ गिगाहर्ट्झचा चॅनेल ३६ ठेवून पाहावा, कारण काही कार्डांना वरचे चॅनेल दिसत नाहीत. तरीही नाव आले नाही, तर कार्ड केवळ २.४ गिगाहर्ट्झचेच आहे, असे खुशाल समजावे.

२.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चॅनेलची रुंदी ४० मेगाहर्ट्झ ठेवू नये, या माझ्या सल्ल्यालाही आपला आक्षेप आहे, कारण ती ४० ठेवल्यावर लिंक स्पीड १५० झाला. तो होणारच. पण या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल १, ६ आणि ११ असे तीनच, आणि ४० मेगाहर्ट्झ त्यांतल्या दोघांची जागा अडवते. आपण स्वतःच इमारतीत चौदा नेटवर्क दिसत असल्याचे लिहिले आहे. तिथे रुंद चॅनेलला सतत शेजाऱ्यांची पाळी संपायची वाट पाहावी लागते, म्हणूनच १५० दिसूनही आपली स्पीड टेस्ट ४० वरून ३१ वर आली. या मुद्द्यावर माझे मत कायम आहे.

आता उपायाकडे वळतो. कार्ड बदलणे हा सर्वांत चांगला मार्ग, पण त्यात मी स्वतः फसलो आहे. एका जुन्या लॅपटॉपसाठी मी इंटेलचे एएक्स२०१ मागवले. ते खाचेत अलगद बसले, स्क्रूही लागला, आणि विंडोजला मात्र ते दिसेना. हे कार्ड इंटेलच्या ठरावीक पिढ्यांच्या प्रोसेसरशिवाय चालतच नाही, हे मी वाचलेच नव्हते. चूक सर्वस्वी माझी. तशी अट नसलेले एएक्स२०० किंवा एएक्स२१० घ्यावे, तेही लॅपटॉपमधली कार्डाची खाच एम.२ प्रकारची आहे याची खात्री करून. लॅपटॉप उघडायचा नसेल, तर दोन्ही पट्ट्यांवर चालणारा यूएसबी अडॅप्टर पुरेल. तो शक्यतो यूएसबी ३ चा घ्यावा, आणि लॅपटॉपच्या अगदी अंगाला चिकटवण्याऐवजी छोट्या एक्स्टेन्शन केबलने थोडा दूर ठेवावा.

नवा राऊटर परत करू नये. फोनचे १८० त्याच्यामुळेच आहेत. कार्ड मागवण्यापूर्वी मागचे झाकण उघडून सध्याच्या कार्डाला अँटेनाच्या किती बारीक वायरी जोडलेल्या आहेत, तेवढे पाहून कळवावे. दोन असतील तर कार्ड घ्या. एकच असेल, तर दुसरी अँटेना शोधत बसण्यापेक्षा अडॅप्टरच बरा.