उपाहारगृहात चहा मिळतोच, सर!

सर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा निम्मा उतरला. ज्यांच्या नजरेतून ती सुटली त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी गेल्या आठवड्यात 'लिहायला कठीण असे पंचवीस शब्द' टाकले होते. सर जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवतात. त्यांचं म्हणणं असं, की ही यादी म्हणजे संस्कृतची मिरवणूक आहे, बाकीचा शब्द तिच्यात औषधालाही नाही. 'उपाहारगृह' लिहा नाहीतर 'उपहारगृह', चहा दोन्हीकडे मिळतो. व्युत्पत्ती ही पंडितांची हौस, वर्गात तिचा उपयोग शून्य. आणि जाता जाता शेवटचा चिमटा: दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या लेखात मी स्वतः 'दुरूस्ती' लिहिलंय.

चिमट्यापासूनच सुरू करतो. चूक माझीच. दुरुस्ती, दोन्ही उकार ह्रस्व. शब्द फारसीतून आलेला. मराठीत जोडाक्षराच्या आधीचा इकार-उकार सहसा ह्रस्व असतो: भिस्त, कुस्ती, दुरुस्त. नियम मला पाठ होता, बोटांना नव्हता.

आता चहा. आमच्या एसटी स्टँडावरही 'उपहारगृह' अशीच पाटी आहे. उप आणि आहार मिळून उपाहार, म्हणजे थोडकं खाणं. उपहार म्हणजे भेट, नजराणा. पाटी रंगवणाऱ्याने एक काना खाल्लाय, पण त्याने गल्ल्यावर काही परिणाम झालेला नाही आणि भेटवस्तू मागायला अजून कोणी आत शिरलेलं नाही. इथे तुम्ही जिंकलात.

पण दर वेळी चहा मिळतोच असं नाही. आमच्या थोरल्या मामांच्या साठीच्या पत्रिकेचा मजकूर मी लिहिला होता. छापखान्यात डीटीपी करणाऱ्या मुलाने विचारलं, "काका, यात ट की ठ?" मी छातीठोकपणे सांगितलं, ठ. दोनशे पत्रिका 'षष्ठ्यब्दी' अशा छापून आल्या. मामा निवृत्त पोस्टमास्तर, आयुष्यभर लोकांचे पत्ते वाचलेले. चष्मा वर करून म्हणाले, "सहाचा झालो म्हणतोस? मग जूनपासून पहिलीत घाल मला." षष्टि म्हणजे साठ, षष्ठ म्हणजे सहावा. चंपाषष्ठीतला ठ तो हा. अब्द म्हणजे वर्ष. षष्टि आणि अब्द मिळून षष्ट्यब्दी. एका ठिपक्याएवढ्या फरकाने चोपन्न वर्षं गेली.

तेव्हापासून ट-ठ मी कधी चुकलो नाही, कारण त्यामागचं कारण कळलं. ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ, वरिष्ठ यांत 'सगळ्यांत' असा भाव आहे, तिथे ठ. इष्ट, विशिष्ट, उत्कृष्ट हे धातूंवरून (म्हणजे क्रिया सांगणाऱ्या मूळ शब्दांवरून) झालेले, 'केलेलं, झालेलं' अशा अर्थाचे, तिथे ट. पाठ करायला काही उरलंच नाही.

म्हणूनच 'उपयोग शून्य' हे मला पटत नाही. तुम्हीच लिहिलंय की तुमच्या वर्गातला एक हुशार मुलगा दर वेळी 'परिक्षा' लिहितो आणि तुम्ही दर वेळी लाल गोल करता. त्याला एकदा 'ईक्ष्' सांगून बघा. ईक्ष् म्हणजे पाहणे. परि म्हणजे सगळीकडून. परि + ईक्षा, दोन इ एकमेकींत मिसळल्या, म्हणून री दीर्घ. सगळीकडून पाहणं, ती परीक्षा. मग प्रतीक्षा, समीक्षा, निरीक्षण हे सगळे त्याच घरातले निघतात आणि सगळ्यांची वेलांटी दीर्घ. अपेक्षा आणि उपेक्षा हीसुद्धा त्याच घरची, फक्त तिथे 'ई' अकाराला मिळून 'ए' झाली. आणि परिणाम, परिसर, परिस्थिती यांच्यात ईक्ष् नाही, म्हणून तिथे परि आपला साधा ह्रस्व. एका धातूत आठ-नऊ शब्द सुटतात. दहा वर्षांच्या पोराला हे जड जात नाही. त्याला कोडी आवडतात, लाल गोल आवडत नाहीत.

'स्रोत'बद्दल मात्र तुमच्या बाजूने एक पुरावा मीच देतो. तुम्ही म्हणता, सगळे 'स्त्रोत' म्हणतात, तेच नैसर्गिक. खरंय. स् नंतर लगेच र् म्हणायला गेलं की जीभ मध्ये त् टेकवते. सहस्रचं 'सहस्त्र' होतं, हिंस्रचं 'हिंस्त्र' होतं ते त्यामुळेच. मूळ धातू स्रु, म्हणजे वाहणे, त्यात त कुठेच नाही. गंमत अशी की इंग्रजीतला 'स्ट्रीम' हा याच स्रुचा लांबचा भाऊ, आणि त्याच्या पूर्वजांच्या जिभेनेही मध्ये हाच आगाऊ त घुसवला. त्यांनी तो ठेवून घेतला, आपण त्याला अजून दाराबाहेर उभा केलाय. मी 'स्रोत'च लिहीन, पण 'स्त्रोत' लिहिणारा अडाणी आहे असं पुन्हा म्हणणार नाही. मागच्या लेखात तसा सूर लागला होता, तो मागे घेतो.

राहिला संस्कृतच्या मिरवणुकीचा आरोप. इथे तुमचं दुखणं खरं आहे, फक्त तुम्ही बोट जरा बाजूला ठेवलंत. यादी संस्कृत शब्दांनी भरली, कारण मराठी लेखनात दोन कायदे चालतात. संस्कृतातून जसाच्या तसा आला असेल तर त्याची ह्रस्व-दीर्घ संस्कृतप्रमाणे, बाकी सगळ्यांना मराठीचा कायदा. 'गुण' आणि 'खूण' मोठ्याने म्हणून पाहा. कानाला काही फरक? शून्य. तरी एक ह्रस्व, एक दीर्घ, कारण गुण संस्कृत आणि खूण आपली. मंदिर, शरीर, वजीर घ्या. मंदिराची वेलांटी पहिली, बाकी दोघांची दुसरी. पुढे प्रत्यय लावला की मंदिरात ह्रस्वच, शरीरात दीर्घच आणि 'वजिराने' मात्र ह्रस्व झाला, कारण बिचारा अरबी-फारसीतून आलेला! म्हणजे वेलांटी काढण्याआधी शब्दाला त्याचं कूळ विचारायचं. हे चौथीतल्या मुलाने करावं, ही अपेक्षा मलाही अन्यायाची वाटते. आणि हा दोष मुलाचा नाही, नियमाचा आहे.

माझ्या मागच्या लेखाच्या शीर्षकातला 'कठीण' हाच शब्द बघा. संस्कृतात कठिन, ठि ह्रस्व. मराठीत न चा ण झाला, शब्द संस्कृतच्या घरातून बाहेर पडला आणि ठी दीर्घ झाली. 'पूर'ची तर वेगळीच तऱ्हा. संस्कृत 'पुर' ह्रस्व, तरी गावाच्या नावात तो दीर्घ लिहावा असा नियमच आहे: नागपूर, सोलापूर. तिथे कूळ कोणी विचारलं नाही.

म्हणजे नियम जिभेचं ऐकतात, मनात आलं तर. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली जे नियम केले (१९७२ मध्ये आणखी चार जोडून ते अठरा झाले) त्यांनी कवि, बुद्धि, गुरु यांना शेवटी दीर्घ करून टाकलं, कारण मराठी माणूस शेवटचा इकार-उकार लांबवतोच. कविसंमेलनात मात्र 'कवि' ह्रस्व राहिला. 'पांच', 'नांव', 'कांहीं' यांवरची टिंबंही तेव्हाच गेली. 'पांच'वरचं टिंब पंचची आठवण होती. माझ्या आजीच्या पत्रांत ती टिंबं तिळासारखी पसरलेली असत. ती गेली म्हणून मराठी बुडाली नाही. तेव्हा उद्या 'गूण' आणि 'मंदीर' चालेल असं ठरलं तर मी हात वर करीन. पण 'तत्त्व' आणि 'महत्त्व' यांतला दुसरा त कोणी काढायला आलं तर मात्र भांडेन. तत् + त्व, महत् + त्व, त्यातला एक त काढला तर शब्दाचं हाडच मोडतं. 'नेतृत्व'मध्ये तो मुळातच एक आहे, तिथे दुसरा घालू नये. (हो, यात माझी आवड-निवड आहे. नाकारत नाही.)

बिगर-संस्कृत शब्द एकही नाही, ही तक्रार रास्त आहे. पुढच्या यादीत 'चिटणीस' घेतो. त्यातला 'नीस' फारसी नवीस, म्हणजे लिहिणारा. पारसनीस म्हणजे फारसी लिहिणारा. म्हणून त्याला मराठीचा कायदा: णी दीर्घ, आणि 'चिटणिसांना' म्हणताना ह्रस्व. पोर्तुगीजांकडून आलेला 'लिलाव' घेतो. त्याला पोर्तुगालात काय वेलांटी होती हे कोणी विचारत नाही, सुटला बिचारा. 'पिस्तूल' घेतो, 'पिस्तुलाने' कसं लिहायचं त्यासकट.

मूळ लेखातली 'दुरूस्ती' दुरुस्त केली आहे, खाली तुमचे आभारही मानलेत. त्या मुलाला पुढच्या वेळी 'निरीक्षण' लिहायला सांगा आणि काय लिहितो ते इथे जरूर कळवा. मामांच्या त्या पत्रिका अजून पन्नासेक उरल्या आहेत, पाठ कोरी आहे. तुम्ही ज्या यादीवर चिडलात ती मी त्यांतल्याच एकीच्या पाठीवर उतरवली होती.