पिवळी जाकिटं आणि परागचं पॅरिस

पराग एकदा पॅरिसला जाऊन आला, तेव्हापासून फ्रान्स ही त्याची खाजगी मालमत्ता आहे. त्यामुळे काल पिवळ्या जाकीटवाल्यांचा, म्हणजे २०१८ च्या शेवटी फ्रान्सभर पिवळी जाकिटं घालून रस्ते अडवणाऱ्या आंदोलकांचा, विषय नितीनने मुद्दामच काढला. आग लावून मजा बघणं हा त्याचा जुना धंदा.

"गुंड होते सगळे," पराग पेटलाच. "पॅरिसच्या त्या विजयकमानीची, आर्क द त्रिऑम्फची, काय दशा केली! कशासाठी? तर डिझेलवर लिटरमागे साडेसहा सेंट कर वाढणार म्हणून. पृथ्वी तापतेय आणि यांना स्वस्त डिझेल पाहिजे!"

"डिझेलच्या गाड्या घ्या असं त्यांना सांगितलं कोणी?" बापूंनी विचारलं.

"कोणी म्हणजे?"

"सरकारनेच ना? कित्येक दशकं पेट्रोलपेक्षा डिझेलवर कर कमी ठेवला. २०१२ साली तिथे विकलेल्या दर चार नव्या गाड्यांत जवळजवळ तीन डिझेलच्या होत्या. शहरात घर परवडेना म्हणून माणूस लांब राहायला गेला. मग तिथलं पोस्ट बंद, रेल्वे बंद, प्रसूतिगृह बंद. उरली ती गाडी. आणि आता त्यालाच म्हणायचं, गाडी चालवतोस, पापी आहेस."

"शिवाय आंदोलनाच्याच वर्षी, २०१८ साली, श्रीमंतांचा संपत्ती कर काढला," वंदना म्हणाली. "फक्त घर-जमिनीवरचा ठेवला. आणि गावाकडच्या रस्त्यांवर वेगमर्यादा नव्वदची ऐंशी केली. म्हणजे वरच्याला मोकळं रान आणि खालच्याला दंडाची पावती."

"राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉनचं धोरण शास्त्रीय होतं," पराग म्हणाला. मॅक्रॉन हे नाव तो इतकं नाकातून काढतो की वंदनाने त्याच्यापुढे रुमाल धरला.

"तोच ना तुझा मॅक्रॉन," बापू म्हणाले, "काम शोधणाऱ्या तरुण माळ्याला म्हणाला होता, मी रस्ता ओलांडला की तुला काम शोधून देतो? पराग, जाकीटवाल्यांनी अडवलेल्या त्या चौकांत अगदी कंगाल माणूस कमीच होता. नर्सा होत्या, ट्रकवाले होते, पेन्शनर होते. सांगितलं ते सगळं केलेली माणसं. त्यांना भीती ही, की नियम पाळूनही आपणच मोडीत निघणार आणि वर आपल्यालाच अडाणी म्हणणार. साडेसहा सेंटचं निमित्त. तो कर डिसेंबरात रद्द झाला, तरी माणसं घरी गेली का?"

पराग गप्प. हे फार टिकत नाही, म्हणून नोंदवून ठेवतो.

"आणि ते जाकीट," बापू म्हणाले. "२००८ पासून प्रत्येक गाडीत ठेवायची सक्ती. अंधारात गाडी बंद पडली तर मागच्याला आपण दिसावं, त्याने चिरडू नये, म्हणून. तेच घालून उभे राहिले. निवेदन वेगळं लिहायलाच नको."

"बापू, फार गोड करून सांगू नका," नितीन म्हणाला. "फेब्रुवारी २०१९मध्ये फिंकिएलक्रॉत या ज्यू विचारवंताला भर रस्त्यात ज्यूद्वेषाच्या शिव्या घातल्या, त्या जाकीटवाल्यांनीच ना?"

"घातल्या. काहींनी. ते मी झाकत नाही. पण त्यांच्यासाठी त्या नर्सबाईला का धोपटायचं?"

मला विचाराल तर नितीनचा मुद्दा एवढ्याने संपत नव्हता. नेता नको, पक्ष नको म्हटलं की अशांना हाकलणार कोण, हे बापूंना विचारायला हवं होतं. पण तेवढ्यात वंदनाला गेट आठवलं.

"पराग, सोसायटीने पार्किंगचे पैसे वाढवले तेव्हा गेटमध्ये गाडी आडवी कोणी घातली होती रे?"

"तो तत्त्वाचा प्रश्न होता!"

"जाकीट तेवढं राहिलं."

"आधी मला गाडी घ्या म्हणाले, मोफत जागा दिली, आणि मग..." बोलता बोलता आपण काय बोलतोय ते त्याच्या लक्षात आलं. बापू नुसते बघत होते. परागने लगेच मोर्चा नितीनकडे वळवला. "आणि तू सेक्रेटरी होतास! माझा विरोध मिनिट्समध्ये लिहिला नाहीस. वर नाव 'परग' घातलंस!"

"काना राहिला. तू ओरडत होतास, लिहू कसा?"

पुढची दहा-पंधरा मिनिटं त्या कान्यावर गेली. फ्रान्स कुठल्या कुठे राहिला.

शेवटी बापूच म्हणाले, "तिकडे गावोगावच्या नगरपालिकांत लोकांसाठी तक्रारवह्या ठेवल्या होत्या. नितीन, सोसायटीतही एक ठेव."

"ठेवतो की. पहिली पाच पानं परागला राखीव."

"पाचच?" पराग म्हणाला.