अधिवेशन बघायला जाताय? मग एवढं ध्यानात ठेवा

कायदे कसे होतात हे डोळ्यांनी बघायची हौस असेल तर हिवाळी अधिवेशनासारखा मुहूर्त नाही. नांदेडहून रात्रीची एसटी धरायची, अंग मोडून घेत नागपूर गाठायचं. मी आणि माझे चुलते आबा असेच गेलो. आमच्या तालुक्याच्या अतिवृष्टी अनुदानावर लक्षवेधी, म्हणजे मंत्र्याला सभागृहात उत्तर द्यायला लावणारी सूचना, लागली होती, मांडणारे आमचेच आमदार. आबा म्हणाले, "आपल्यावर बोलणार हेत, समोर बसून ऐकू." त्या अनुभवाचा सल्ला तुम्हाला फुकट देतो.

पास आमदारांच्या पत्रावर मिळतो. पीए फोन उचलत नाही, हे सांगायला नको.

मोबाइल बाहेर जमा करावा लागतो. वाईट वाटून घेऊ नका. आत पत्त्यांचा डाव मांडायचा मान निवडून आलेल्यांचा.

गॅलरीत डुलकी घेऊ नका, सुरक्षारक्षक उठवतो. ती सोय खाली आहे.

विधेयकं चालू असताना मात्र शिंकायचं नाही. शिंक संपेपर्यंत कायदा झालेला असतो. मंत्री उठून विधेयक विचारात घ्यावं म्हणतात आणि अध्यक्षांच्या खुर्चीत बसलेले तालिका सदस्य एका दमात सुटतात: खंड दोन ते अमुक विधेयकाचा भाग व्हावेत, अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे, होयचे बहुमत, संमत! आमच्या गावातली मंगलाष्टकं याहून सावकाश होतात, आणि तिथं निदान नवरा-नवरी हजर असतात. इथं 288 पैकी किती? गणपूर्तीला, म्हणजे कामकाज चालायला, किमान एक दशांश, म्हणजे 29 लागतात. आबांनी मोजायला घेतले, हातापायाची बोटं उरली. पण कुणी उठून गणपूर्ती नाही म्हणत नाही तोवर ती आहेच. म्हणणार कोण? विरोधक विधेयकाला कडाडून विरोध करायचा म्हणून सभात्याग करून चहाला गेलेले. 'नाही' म्हणायला माणूसच शिल्लक नाही. पोल मागितला असता तर डोकी मोजली गेली असती, कोण कुठं होतं ते कागदावर आलं असतं. म्हणून तर कुणी मागत नाही! आबा कानाशी म्हणाले, "आता कशाचा कायदा झाला रे?" मला सांगता येईना. खाली होय म्हणणाऱ्यांना तरी आलं असतं का? बहात्तरच्या दुष्काळात हेच आबा सुकडी खाऊन पाझर तलावावर माती वाहत होते. त्या घामाची दखल घेऊन याच विधिमंडळाने 1977 साली रोजगार हमीचा कायदा केला, पुढं देशाने तो कित्ता गिरवला. तेव्हा आत बसणाऱ्यांना आपण कशाला होय म्हणतोय ते ठाऊक होतं. आज पानं उलटायलाही कुणाला सवड नाही.

मराठवाड्याचा विषय कधी लागेल, असं विचारू नका. 1956 साली आपण या राज्यात बिनशर्त आलो. मागास भागाला निधीचा वाटा मिळावा म्हणून असलेल्या वैधानिक विकास मंडळाची मुदत 2020 मध्ये संपली, तेही बिनशर्तच समजा.

आमची लक्षवेधी अखेर पुकारली. एकदा. दोनदा. सदस्य अनुपस्थित, पुढची लक्षवेधी. आबा गप्पच झाले.

बाहेर येऊन मोबाइल घेतला, तर तालुक्याच्या ग्रुपवर व्हिडिओ. साहेब विधानभवनाच्या पायऱ्यांवर, गळ्यात काळ्या पडलेल्या सोयाबीनच्या शेंगांची माळ, समोर कॅमेरे. खाली ओळ: "साहेबांनी सभागृह दणाणून सोडलं!" त्याखाली अंगठेच अंगठे.

साहेब, त्या पायऱ्यांवरून आत यायला कितीसा वेळ लागतो? आम्ही रात्रभर एसटीत बसून आलो आणि तुम्हाला तेवढं चालवलं नाही? मंत्र्याने आत उत्तर दिलं असतं तर ते कामकाजात नोंदलं गेलं असतं, तहसीलदाराच्या टेबलावर आपटता आलं असतं. तुमची माळ दाखवून तलाठी पंचनाम्यात एक ओळ वाढवणार आहे का? अन् ती सोयाबीन आमची होती, आमच्याच रानातून उपटून नेलेली!

आणि अंगठे टाकणाऱ्यांनो, तुम्हाला जरा तरी लाज? साहेब पोरीच्या लग्नाला आले नाहीत तर वर्षभर रुसता. सभागृहात नव्हते तेव्हा कुठं जातो रुसवा? दणाणून सोडलं म्हणे. अरे, कोणतं सभागृह? आम्ही तिथंच बसलो होतो.