सूर्यास्ताची वेळ बघून जाता, भरतीची कोण बघणार?

आज सीताबर्डीत एका रिपेअरिंगच्या काउंटरवर उघडलेला कॅमेरा पाहिला. बॅटरीच्या कप्प्यात मिठाचा पांढरा थर, शटर अर्ध्यात अडकलेलं. बाजूला विशीतला पोरगा, मान खाली. हरिहरेश्वरच्या खडकांवर लाटेनं त्याचा ट्रायपॉडच आडवा केला. कार्ड तेवढं वाचलं. त्यातले शेवटचे फोटो ओळीनं बघितले: समोर कालवं चिकटलेला एक खडक, दर फोटोत थोडा थोडा बुडत गेलेला. शेवटच्या फोटोत खडक नाहीच.

राजेहो, फुटाळा तलावाचं पाणी जिथल्या तिथे असते. समुद्राचं नसते! अख्खा महाराष्ट्र ओलांडून जाता, मोबाईलवर सूर्यास्त बघता, मग भरती काहून बघत नाही? कोकणात कोणालाही विचारा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. हा गेला दशमीला. दहाची पाऊणपट साडेसात. म्हणजे सूर्य बुडताना पाणी चढतच होतं. अष्टमीच्या आसपासची, म्हणजे भांगाची भरती लहान असते, मान्य. पण लाटेला तिथी कळत नाही. पौर्णिमा-अमावास्येनंतरची द्वितीया-तृतीया धरा. भरती दुपारी दीड ते सव्वादोन, आणि संध्याकाळी पाणी ओसरत खडक उघडे पडत जातात.

सूर्यास्ताच्या तासभर आधी पोहोचा. तिथे सूर्य नागपूरपेक्षा सुमारे 25 मिनिटं उशिरा मावळतो. पहिली 15 मिनिटं कॅमेरा बॅगेतच ठेवून लाटा बघा. खडक जिथवर ओला, तिथवर लाट येऊन गेलेली असते. त्याच्या वर उभं राहा. शेवाळावर पाय नको.

ट्रायपॉडची सगळ्यात खालची बारीक नळी आधी पूर्ण काढा, म्हणजे लॉक खाऱ्या पाण्याच्या वर राहतात. आयएसओ 100, एफ/11. व्हाइट बॅलन्स डेलाइटवर; ऑटो केशरी रंग फिका करून टाकतो. 6 स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळी काच) लावला की 1/15 चं शटर 4 सेकंदांवर जातं आणि पाण्याचं धुकं होतं. ते धुकं मला पटत नाही, कातळाचा जोरच निघून जातो. अर्धा ते एक सेकंद पुरे, आणि बटण लाट परतताना दाबा. तेव्हाच काळ्या कातळातून पांढऱ्या रेघा ओढल्या जातात. लाट येताना दाबलं तर नुसता फेस. मोबाईलवरही चांगले फोटो येतात म्हणाल. येतात, ठीक आहे.

काचेवर तुषार उडणारच. कोरड्या कपड्यानं पुसलं की मीठ घासलं जातं. आधी गोड्या पाण्यानं ओलसर केलेला कपडा, मग कोरडा.

आणि कॅमेरा खाऱ्या पाण्यात पडलाच तर चालू करून बघू नका, आधी बॅटरी काढा! त्या पोरानं तिथेच तीनदा चालू करून पाहिला. ओल्या सर्किटमधून वीज गेली की खारं पाणी धातू खातं.

पण त्याला तरी कोण सांगणार होतं? आपल्या विदर्भात भरती-ओहोटी भूगोलाच्या पेपरात, दोन मार्कांपुरती.

परत जाणार म्हणतो. निघताना दुकानातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात बोट फिरवत तो वद्य द्वितीया शोधत होता.