चार रविवार चाकातच गेले, या तक्रारीबद्दल

नमस्कार,

दोन स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की सगळ्यांनी मिळून जुनी बग्गी उभी करायची म्हणून पैसे भरले, पण चार रविवार चाकांतच गेले, मुलाला रंग खरवडू दिला नाही आणि धाव, म्हणजे चाकाभोवतीची लोखंडी पट्टी, चढवली तेव्हा तुम्हाला कळवलंसुद्धा नाही.

शेवटची तक्रार शंभर टक्के खरी आहे. लोहारांना एक दिवस आधी सवड मिळाली, आम्ही भट्टी पेटवली आणि जे हाताशी होते तेवढ्यांनाच बोलावलं. या कामातला पाहण्यासारखा दिवस तोच, आणि तुमचा तो आमच्यामुळे हुकला. मनापासून माफी मागतो.

चाकांच्या बाबतीत मात्र आम्ही घाई करणार नव्हतो. मागच्या डाव्या चाकाचे दोन आरे तुंब्यात, म्हणजे चाकाच्या मधल्या लाकडी गाभ्यात, हलतात, हे पहिल्यांदा तुमच्याच हाताला लागलं होतं. चाक पाण्यात ठेवलं असतं तर लाकूड फुगून ते दुसऱ्या दिवशी घट्ट वाटलं असतं. वाळल्यावर पुन्हा खुळखुळ, बहुधा आधीपेक्षा जास्त. म्हणून धाव उतरवली, आरे काढले, दोन नवे घडवले. धाव लाकडी घेरापेक्षा किंचित लहान ठेवावी लागते. लालबुंद तापली की ती पसरते, चाकावर बसते, आणि पाणी ओतताच आवळून सगळे सांधे आत दाबते. जास्त लहान झाली तर आरे वाकतात, सैल राहिली तर धाव चालत्या गाडीतून निसटते. त्या बग्गीत माणसं बसणार आहेत.

रंगाचं कारण शिसं. जुन्या रंगांत ते बऱ्याचदा असतं आणि कोरडं खरवडल्यावर उडणारी धूळ लहान मुलांना फार घातक. पण हे समजावून न सांगता आम्ही मुलाला नुसतं ‘नको’ म्हटलं. तो हिरमुसला, ते मीही पाहिलं होतं. तेव्हाच त्याच्याशी बोलायला हवं होतं.

पुढच्या दोन चाकांच्या धावा अजून चढवायच्या आहेत. तुम्हाला जमेल तोच दिवस धरू; तुमचा होकार येईपर्यंत भट्टी पेटणार नाही. तरीही यायचं नसेल तर भरलेले सगळे पैसे परत करतो, फक्त कळवा.

मुलाने घासलेला पितळी कंदील छान उजळलाय. त्याच्या जोडीचा दुसरा अजून काळाच आहे, तो कुणाला घासायला दिलेला नाही.