मुंजाची आई कुठं आहे?

पालकसभेत पालकांनी शाळेच्या ग्रंथालयातली भुतांची पुस्तकं काढून टाकायला लावली, हे कट्ट्यावर सगळ्यांना कळलेलंच होतं. मंजू शाळेची ग्रंथपाल, त्यामुळं ती कपाटातून काढायचं काम तिच्याच गळ्यात पडलं. कोल्हापुरात मिरजकर तिकटीला चहा येईपर्यंत ती गप्प होती. तोंड उघडलं ते शिऱ्यानं.

"बरोबर केलं पालकांनी. दहा-बारा वर्षांच्या पोरांच्या डोक्यात भुतंखेतं कशाला? आपल्याकडं २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. वैज्ञानिक दृष्टिकोन हे नागरिकाचं कर्तव्य आहे, संविधानात लिहिलंय."

"कायदा लोकांना फसवणाऱ्या बुवांसाठी आहे, गोष्ट सांगणाऱ्या आजीसाठी नाही," मंजू म्हणाली. "आणि तुझ्या गाडीला लिंबू-मिरची कोण बांधतं?"

"ते... बायको बांधते."

"मग तू सोडून टाक की!"

शिऱ्या चहात काहीतरी शोधायला लागला. दिग्यानं लगेच दहावीच्या सहलीत चकवा लागला म्हणून शिऱ्या कसा रडला होता ते काढलं. ती गोष्ट दर महिन्याला निघते आणि दर वेळी शिऱ्या जरा जास्तच रडलेला असतो.

मंजूनं सगळ्यांना परत आणलं. "बंगालीत उपेंद्रकिशोर रायांनी मुलांसाठी गुपी-बाघाची गोष्ट लिहिली. त्यात भुतं वर देतात. माणूस कसला? ब्राह्मो समाजी सुधारक घरातला, फोटो छापायच्या हाफटोन तंत्रावर संशोधन करणारा. नातवानं, सत्यजितनं, १९६९ साली त्यावर सिनेमा काढला. त्या घरात कुठली अंधश्रद्धा वाढली ते सांग मला."

"ते कलावंत लोक," शिऱ्या म्हणाला. हा त्याचा कायमचा युक्तिवाद. विषय हातातून निसटला की समोरचा माणूस कलावंत.

"बरं, शीर्षेंदु मुखोपाध्यायांचं 'गोसाईंबागानेर भूत' घे. बुरुनला गणितात तेरा मार्क पडतात. घरात कुणी त्याच्याशी धड बोलेनासं होतं. मग त्याला भेटतं निधिराम नावाचं भूत. पालकांना निधिराम खुपतो. मला ते घर खुपतं."

यावर कुणी काही बोललं नाही. मी मंजूच्या बाजूचा आहे आणि ते लपवायचं काही कारण नाही. मुलांच्या चांगल्या भूतकथेत भीती थोडी असते. बाकी सगळं घरात मोठ्यांनी दाबून ठेवलेलं असतं.

दिग्या मग हळूच म्हणाला, "आमची आई गेली तेव्हा पोरीला दहा दिवस मामाकडं ठेवली होती. आली तर आजीची खाट नाही, साड्या नाहीत. 'देवाघरी गेली' एवढंच सांगितलं. पोरगी महिनाभर काही विचारेना. मग मंजूकडनं एक पुस्तक आणलंन, त्यात मेलेली आजी येती नातीकडं. ते वाचलं आणि मला विचारलंन, आजीला दुखलं का रे खूप?"

"मग?" मी विचारलं.

"मग काय, बसलो दोघं. सगळं सांगितलं."

"पण त्यानं पोरीला वाटणार, आजी परत येती!" शिऱ्या. मुद्दा तसा वाईट नव्हता, पण बोट नाचवत सांगितला.

"हॅरी पॉटर वाचलंयस?"

"सिनेमा बघितलाय."

"म्हणजे नाही," मंजू म्हणाली. "पाचव्या भागात हॅरीला बापासारखा असलेला सिरियस मरतो. हॅरी शाळेतल्या भुताकडं, निककडं धावतो, तो परत येईल का विचारायला. निक म्हणतो, नाही येणार. मी मरणाला भ्यालो म्हणून इथं अडकलोय, तो भ्यायला नाही. गेलेला माणूस येत नाही हे पोराला भूतच सांगतं, शिऱ्या. तुझ्या विज्ञानाच्या धड्यात हे कुठं आहे?"

"आपल्याकडं असलं काही नाही बघ," दिग्या म्हणाला.

"आहे की," मंजू म्हणाली. "मुंजा आहे. मुंज झालेलं आठ वर्षांचं पोर मरून पिंपळावर बसलंय, आणि आपण त्याला लग्नासाठी हपापलेला करून ठेवलाय. त्याची आई कुठं आहे? मी ऐकलेल्या एकाही गोष्टीत नाही. ती संध्याकाळी पिंपळाखाली ताट घेऊन येत नसेल? ही गोष्ट कुणीतरी मुलांसाठी लिहायला पाहिजे."

"मी मेलो तर पहिला दिग्याच्या मानगुटीवर बसणार," शिऱ्या मध्येच म्हणाला. "माझी बॅट मोडली त्याचे तीनशे रुपये अजून दिले नाहीत."

"बॅट तुझ्या डोक्यानं मोडली! आणि भूत झाल्यावर पैसे ठेवशील कुठं, तुला खिसा तरी असेल का?"

इथून पुढं जे चाललं ते लिहिण्यासारखं नाही. टपरीवाले काकाही हसायला लागले, कारण त्यांची उधारी दोघांकडं होती आणि भूत होऊन ती वसूल होणार नव्हती.

उठताना मंजूनं पिशवीतून अर्ज काढला, पुस्तकं परत कपाटात ठेवावीत म्हणून. मी सही केली, दिग्यानं केली. शिऱ्यानं पेन हातात घेतलं, घड्याळातली तारीख बघितली आणि खाली ठेवलं.

"उद्या करतो. आज अमावास्या आहे."