एकदा झालेला ठराव मोडायचा कोणी?

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने केलेला ठराव रद्द करण्याचा अधिकार सदस्य देशांना मिळालाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. १९३ देशांना बांधणारा निर्णय पंधरा देश घेतात, हे एकवेळ मान्य करू. पण तो मागे घ्यायचा झाला आणि पाच कायम सदस्यांपैकी एकजण जरी आडवा आला, तर बाकीच्यांनी काय करायचं? व्हेटोने ठराव अडवता येतो हे सगळ्यांना माहीत आहे. जुना ठराव वर्षानुवर्षं जिवंत ठेवायलाही तोच व्हेटो पुरतो, याबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही.

इराकचं घ्या. २ ऑगस्ट १९९० ला सद्दामने कुवेत गिळला आणि ६ ऑगस्टला ठराव क्रमांक ६६१ ने इराकचा व्यापार बंद झाला. तेव्हा ते योग्यच होतं. पण त्या ठरावाला शेवटची तारीख नव्हती. फेब्रुवारी १९९१ मध्ये कुवेत मुक्त झाला, तरी निर्बंध राहिले. आता ते इराकच्या शस्त्रास्त्रांशी जोडले गेले. पुढे रशिया, चीन, फ्रान्स म्हणू लागले की सैल करा. अमेरिका आणि ब्रिटन ऐकेनात. तिथे मदतकार्य सांभाळणारे संयुक्त राष्ट्रांचे अधिकारी डेनिस हॅलिडे यांनी १९९८ मध्ये निर्बंधांचा निषेध करत राजीनामा दिला, त्यांच्या जागी आलेले हान्स फॉन स्पोनेक २००० मध्ये त्याच कारणाने बाहेर पडले. निर्बंध उठले २२ मे २००३ ला, सद्दामची सत्ता उलथल्यावर. जवळजवळ तेरा वर्षं! या काळात सद्दाम महालातच राहत होता. होरपळली ती सामान्य माणसं, आणि याचा मला आजही संताप येतो.

लिबियाच्या बाबतीत आफ्रिकेने वेगळी वाट काढली. स्कॉटलंडमधल्या लॉकरबीच्या विमानस्फोटात २७० माणसं गेली होती. संशयित लिबियाचे होते, आणि लिबिया त्यांना सोपवत नाही म्हणून परिषदेने त्याच्यावर निर्बंध घातले होते. संशयितांवर खटला चालायलाच हवा होता. प्रश्न होता तो कुठे चालवायचा याचा. जून १९९८ मध्ये आफ्रिकी एकता संघटनेने जाहीर केलं की तोडगा निघाला नाही, तर सप्टेंबरपासून आम्ही हे निर्बंध पाळणार नाही. ऑगस्टमध्येच अमेरिका आणि ब्रिटन नेदरलँड्समध्ये स्कॉटिश कायद्याने खटला चालवायला तयार झाले. एप्रिल १९९९ मध्ये संशयित ताब्यात आले. माझ्या मते आफ्रिकेचा दबाव नसता तर हे इतक्यात झालं नसतं. पण त्यासाठी देशांना नियम मोडण्याची भाषा करावी लागली, कारण नियमात राहून दाद मागायची सोयच नव्हती.

सगळे सदस्य देश जिथे बसतात ती आमसभा स्वतःचा ठराव फिरवू शकते. झिओनिझमला, म्हणजे ज्यूंच्या स्वतंत्र राष्ट्राच्या चळवळीला, वंशवाद ठरवणारा १९७५ चा ठराव तिने १९९१ मध्ये १११ विरुद्ध २५ मतांनी रद्द केला. हाच अधिकार तिला परिषदेच्या ठरावांवरही द्या, दोन तृतीयांश बहुमताच्या अटीवर.

व्हेटोनेच भारताला वाचवलं होतं, असं म्हणत यावर कुणी गोव्याचा दाखला देईल, आणि तो रास्तही आहे. डिसेंबर १९६१ मध्ये भारताने सैन्य मागे घ्यावं या ठरावाला अकरापैकी सात मतं पडली होती. सोव्हिएत व्हेटो नसता तर तो संमत झाला असता. पण वर्षभर आधीच आमसभेने वसाहतवादाविरुद्धचा जाहीरनामा ८९ विरुद्ध शून्य मतांनी स्वीकारला होता. आपल्या बाजूचे देश आमसभेत होते. मॉस्कोच्या एका हातावर विसंबण्यापेक्षा मला त्या ८९ देशांचा भरवसा जास्त वाटतो.

आमसभेला हा अधिकार द्यायचा तर संयुक्त राष्ट्रांची सनद बदलावी लागेल, आणि त्याला पाचही बड्यांची संमती लागते, ती लवकर मिळणार नाही. पण परिषदेत ठरावाला नऊ मतं लागतात, म्हणजे निवडून आलेल्या दहापैकी सात देशांनी साथ दिली नाही तरी तो पडतो. ही ताकद आजही हातात आहे. भारत पुढच्या वेळी परिषदेवर जाईल तेव्हा त्याने या देशांना एकत्र आणावं आणि शेवटची तारीख नसलेल्या निर्बंधांच्या एकाही ठरावाला मत देऊ नये.